वाटणीतली ब्युईक

गाडी गोठ्यात होती आणि इंजिन नदीवर. मधे नुसता ऊस. त्या उसाच्या बांधावर मी उभा होतो, बुटात चिखल, डोक्यावर ऊन, आणि नदीकडून एक आवाज येत होता. पाणी उपसायच्या इंजिनाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. ठोकत असतं ते, फटफटफटफट. हे ठोकत नव्हतं. हे घुमत होतं.

"काय ओ, थांबलासा का?" वाट दाखवायला आलेला गडी म्हणाला. "इंजान फुडं हाय."

"थांब जरा. ऐकू दे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इंजिन ऐकायला थांबलेला माणूस त्यानं जन्मात बघितला नसणार.

नीट सांगतो. इमर्जन्सीच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. साताऱ्यात माझं गॅरेज होतं. त्याआधी मी फौजेत, ई.एम.ई. मध्ये होतो, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यात. हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण सगळे मला मेजर म्हणायचे. ज्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत आहे तिथल्या लोकांना हुद्दे कळू नयेत, आता याला काय म्हणावं! सांगून सांगून कंटाळलो आणि नाद सोडला.

फौजेत महायुद्धातले अमेरिकन ट्रक माझ्या हाताखालून गेले आणि मग एका साहेबांची अमेरिकन मोटार. तिथंच मी बिघडलो. पोटासाठी मी जीप, ट्रक, टेम्पो, जे दारात येईल ते दुरुस्त करायचो. पण कुठं जुनी शेव्हरोले, डॉज पडून आहे असं कानावर आलं की हातातला पाना खाली. म्हसवडला गेलोय, औंधला गेलोय. कोयनानगरच्या घाटात झाडीत एक डॉज पडलीय म्हणून कुणीतरी सांगितलं, तर तिथंही जाऊन जळवा लावून घेतल्या. बायको म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांना बाईचा नाद असतोय, आमच्यांना बॉनेटचा." खोटं नव्हतं ते.

तर एक दिवस आप्पासाहेब गॅरेजात आले. गाव कृष्णाकाठचं, कऱ्हाड आणि सांगलीच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून आहेत आणि भांडकुदळ आहेत. आप्पासाहेब सोसायटीचे व्हाईस चेअरमन. कडक इस्त्री आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही उघडताना मी त्यांना बघितलं नाही.

"मेजर, लेकीचं लगीन हाय. जावयाचा परण्या आमच्या खानदानी गाडीतनं काढायचाय. गाडी तयार करून द्या."

परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजत-गाजत मारुतीच्या देवळात नेतात तो. कुणी घोड्यावरनं काढतं, कुणी जीपमधनं.

"कुठली गाडी?"

"ब्युईक."

मी स्टुलावरनं उठलो.

खानदानी म्हणजे काय, तर संस्थानं गेल्यावर एका राजेसाहेबांच्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात यांच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, ती घेतली होती. त्याच्या आधी यांच्या खानदानात बैलगाडी होती. पण तो आबा मात्र शौकीन माणूस असणार. ब्युईक, आठ सिलिंडरची. सिलिंडर म्हणजे ज्याच्या आत पेट्रोल पेटतं ते नळकांडं. साध्या गाडीला चार असतात. हिला आठ, आणि तीही एका ओळीत, लग्नाच्या पंगतीसारखी. म्हणून तर तिचं बॉनेट एवढं लांब. असलं इंजिन मी फौजेत फक्त एकदा उघडलं होतं, आणि ते पुन्हा एकदा उघडायला मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. गोठ्यात, म्हशींच्या पलीकडं, ती उभी होती. टपावर कडबा. खिडकीची एक काच फुटलेली. आणि खानदानी गाडीच्या मागच्या सीटवर एक खानदानी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"कोंबड्या हाकला रं!" आप्पासाहेबांनी हुकूम सोडला. जणू त्या आजच सकाळी शिरल्या होत्या.

पत्रा चांगला होता. दारं आवाज न करता लागत होती. मी खुशीत बॉनेट उघडलं. आत पेंडीची पोती.

"आप्पासाहेब, इंजिन कुठाय?"

"ते धाकल्याकडं गेलं."

"दुरुस्तीला?"

"न्हाई. वाटनीत."

मी आप्पासाहेबांकडं बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता. आबा वारल्यावर दोन्ही भावांची वाटणी झाली. जमीन झाली, बैलं झाली, तांब्याची घंगाळी झाली. मोटारीपाशी गाडं अडलं. दोघांनाही ती पाहिजे, आणि दुसऱ्याला मिळायला नको. मग पंच म्हणून जी काही डोकी बसली होती त्यांनी तोड काढली. थोरल्याला बॉडी, धाकट्याला इंजिन. दोघंही खूश झाले. दुसऱ्याला गंडवलं असं दोघांनाही वाटलं. धाकट्यानं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून नदीवर नेलं, त्याला पट्टा जोडला आणि पाणी उपसायला लावलं. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आणि ह्यातल्या कुणालाही आपण काही वेड्यासारखं केलं असं वाटत नव्हतं.

"मग मी काय तयार करू?" मी म्हटलं. "जावयाला ढकलत नेणार?"

"डिझेल इंजान टाका की. सांगलीत एकजन टाकून देतो म्हनलाय. फुडचा पत्रा जरा कापावा लागंल, बॉनेटला भोक पाडावं लागंल. बाकी काय न्हाई."

बाकी काय न्हाई! त्या वर्षी पेट्रोल भडकलं होतं, आणि ज्याच्याकडं जुनी मोठी गाडी आहे तो उठून तिच्यात डिझेलचं इंजिन कोंबून घेत होता. मी बघितल्यात तसल्या गाड्या. पुढनं राणी आणि आवाजावरनं पिठाची गिरणी. आप्पासाहेबांनी तर दिवससुद्धा ठरवून ठेवला होता. मला जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात गाडी ट्रकला बांधून सांगलीला, गॅस कटरखाली. म्हणजे तिचं स्वतःचं इंजिन परत आणलं तरच ती वाचणार होती.

म्हणून मी त्या बांधावर उभा होतो.

नदीकाठाला दगडी कट्टा, वर पत्र्याचं छप्पर, आणि त्याखाली राजेसाहेबांच्या गाडीचं इंजिन, काजळीनं काळं झालेलं, रॉकेलवर चाललेलं. थंड ठेवायला नदीचंच पाणी एका पाइपानं आत सोडलेलं. शेजारी धाकटे बंधू तात्या बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत, तोंडात तंबाखू. चहा आला. मी कपात काठोकाठ भरून घेतला आणि तो कप चालत्या इंजिनाच्या डोक्यावर ठेवला.

"आवं, ह्ये काय करताय?"

"बघा."

चहा नुसता थरथरला. थेंब सांडला नाही. इतकी वर्षं रॉकेल पाजून, गाळाचं पाणी पाजून, वरून एक थेंब तेल वेळेवर न घालता! माझ्या अंगावर काटा आला.

मी तात्यांना शांतपणे समजावलं. म्हटलं, "आप्पासाहेबांना सांगतो, तुम्हाला नवं कोरं डिझेलचं पंपाचं इंजिन बसवून देतील. खर्च कमी, पाणी जास्त. त्याच्या बदल्यात हे त्यांना द्या."

"दादानं सांगितलं?"

"मी सांगतोय."

"मग तुमीच ऐका. इंजान माज्या वाटनीचं हाय. दादाला मिरवायचंय, मला ऊस जगवायचाय. आन बदलून दिलं तर दादा गावभर सांगंल, धाकल्यानं वाटनी परत केली. न्हाई द्यायचं."

परत गोठ्यात आलो आणि आप्पासाहेबांना तेच सांगितलं. ते ताडकन उठले.

"त्येला नवं इंजान मी घिऊन दिऊ? म्हंजे वाटनीत आप्पासाहेब फसला असं गावाला कळू दे व्हय?"

आता बोला! सौदा असा होता की दोघांचाही फायदा. आणि नेमका म्हणूनच दोघांनाही नको होता, कारण त्यात दुसऱ्याचाही फायदा होत होता. असल्या माणसांपुढं अक्कल पाजळण्यात अर्थ नसतो. मी कपाळाला हात लावला आणि मोटारसायकलला किक मारली.

पण ते इंजिन डोक्यातनं जाईना. तीन वेळा त्या गावाला फेऱ्या मारल्या. गोठ्यातनं नदीवर, नदीवरनं गोठ्यात. सख्ख्या भावांचे निरोप पोचवणारा पोस्टमन झालो. शेवटी ठरलं ते असं, की इंजिन फक्त लग्नापुरतं द्यायचं, उसनं, जशी शेजारणीला परात देतात. तेवढ्या दिवसांत नदीवर दुसरा पंप मी आणून बसवायचा, ऊस वाळता कामा नये. लग्न झालं की इंजिन परत. आणि तात्यांची शेवटची अट म्हणजे, इंजिन जिथं जाईल तिथं ते स्वतः जाणार. परण्यात पुढच्या सीटवर बसणार.

"माज्या गाडीत?" आप्पासाहेब ओरडले.

"गाडीत नाही हो," मी म्हटलं. "इंजिनाच्या शेजारी."

हे त्यांना पटलं. खरंच सांगतो, पटलं.

माझा आतला बेत वेगळा होता. गाडी एकदा जोडली, एकदा ती स्वतःच्या इंजिनावर गावातनं फिरली, आबांची गाडी परत आबांची गाडी झाली, की ती पुन्हा सोडवायची छाती कुणाची होणार नाही. मला वाटलं, एवढं तरी काळीज दोघांत मिळून असेल.

बॉडी ट्रॅक्टरला बांधून साताऱ्याला आणली. इंजिन बैलगाडीतनं रस्त्यापर्यंत आणि तिथनं ट्रकमधनं. उघडलं, तर आत कृष्णा नदी. इंजिनाच्या पोटात पाणी फिरायला वाटा असतात, त्या गाळानं ठार बुजलेल्या. तारेनं खरवडून खरवडून काढला गाळ. शिंपले निघाले. वाळलेलं शेवाळ निघालं. आठ सिलिंडरच्या रिंगा कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणल्या, नवीन मिळायचा प्रश्नच नव्हता. व्हॉल्व घासले. पॅकिंगं हातानं कापली. मागची सीट उसवली, आतली घाण काढली, नवा काथ्या भरला, वर चांगलं रेक्झिन घातलं.

आप्पासाहेब अधूनमधून यायचे. पुढची जाळी, आरसे, बंपर यांच्यावरनं हात फिरवायचे. एकदा म्हणाले, "जाळीला सोनेरी रंग मारा."

"ते क्रोम आहे आप्पासाहेब. पॉलिश केलं की आरशासारखं होतं."

"आरसा घरात हाय. सोनेरी मारा."

मी मारला नाही. रंग सांगलीला संपलाय म्हणून सांगितलं. ते त्यांना पटलं, कारण सांगलीत नाही ते साताऱ्यात कुठनं असणार!

तात्या वेगळ्या दिवशी यायचे. ते सरळ बॉनेटपाशी जायचे, आत बघायचे, मान हलवायचे. एकदा मी म्हटलं, "तात्या, बॉडीला रंग कसा झालाय बघा की."

"ते दादाचं हाय," म्हणाले, आणि मान वळवली.

आप्पासाहेबांना इंजिन दाखवायला गेलो तर ते म्हणाले, "ते धाकल्याचं." गाडी एक, बघायला येणारे दोन, आणि पूर्ण गाडी त्यातल्या एकानंही बघितली नाही. रेडिएटरवरनं तर नवंच लचांड निघालं. रेडिएटर म्हणजे पुढच्या जाळीमागची, इंजिनाचं पाणी वाऱ्यावर थंड करणारी टाकी. ती गळत होती. बॉडीबरोबर गोठ्यात राहिली म्हणून आप्पासाहेबांची, पण थंड करते इंजिनाला, म्हणून तात्यांची. दोघंही म्हणाले, "त्येला सांगा." मी कुणालाही न सांगता डाग मारून टाकला.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी साताऱ्याहून गावाला मी स्वतः चालवत नेली. एकटा. उंब्रजच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. पाय दाबला. बॉनेट पुढं पसरलेलं, आणि आठही सिलिंडर अशी गुमान चालली होती की वारा ऐकू येत होता. बाजूनं ट्रकवाले हॉर्न मारून हात दाखवत होते. सांगायला लाज कसली, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. असला आनंद मला पेन्शनच्या कागदानं दिला नाही की पोराच्या बारशानं.

दुसऱ्या दिवशी परण्याच्या आधी मी आंघोळीला गेलो. तेवढ्यात गाडी सजली. आलो तर तिचा चेहराच गायब. पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळांचा पडदा, त्यावर नारळाच्या झावळ्या, आणि बरोबर मधे, चौकटीसकट, काचेसकट, हातभर रुंद आबांचा फोटो. फोटोला पुन्हा वेगळा हार.

"हे काढा," मी म्हटलं. "इथनं वारा आत जातो. इंजिन तापेल."

"आबांचा फोटू काढा म्हंता?" आप्पासाहेबांचा आवाज एकदम भरून आला. इतकी वर्षं आबांच्या सीटवर कोंबड्या बसवताना तो भरून आला नव्हता. बाया-बापड्या बघायला लागल्या. मी खिशातनं किल्ली काढली.

मागं नवरदेव आणि त्याची करवली. नवरदेव ओव्हरसिअर होता, आणि माझ्या आरशात सारखा स्वतःचा भांग बघत होता. पुढं स्टेअरिंगवर मी, मधे तात्या, कडेला आप्पासाहेब. अमेरिकन गाडीला पुढंसुद्धा सबंध बाकासारखी सीट असते, तिघं आरामात मावतात. पण ह्या दोघांनी एकमेकांना खांदा लागू नये म्हणून असं काही अंग चोरलं होतं, की तात्या जवळजवळ माझ्या मांडीवर.

बँड पुढं. गाडी माणसाच्या चालीनं. म्हणजे वाराच नाही. आणि जो काही होता तो झेंडूनं अडवला. चावडी ओलांडली तशी इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यानं उडी घेतली.

"तापलंय," तात्या म्हणाले. काट्याकडं न बघता, नुसत्या वासावरनं. "बंद करा. माजं इंजान हाय."

"येशीपतोर चला," आप्पासाहेब समोर बघत म्हणाले. "पावनं बगाय लागल्यात. माजी गाडी हाय."

"इंजान फुटलं तर?"

"गाडी हितं थांबली तर माजं नाक कापंल."

"तुज्या नाकापायी माजा ऊस वाळवू व्हय?"

कितीतरी वर्षांनी हे दोघं भाऊ पहिल्यांदा बोलले, आणि बोलले काय, तर हे! मी किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. बँडमास्तरला हात केला, म्हटलं, वाजव इथंच, थांबू नको. खाली उतरून माळा ओरबाडून काढल्या. झावळ्या फेकल्या. फोटोला हात घातला मात्र, दोघंही एकदम खाली.

"आबांना हात लावायचा न्हाई!"

चला, एका गोष्टीवर तरी एकमत झालं. समोर सगळं गाव. आता इथं इंजिन आणि वारा आणि रेडिएटर कुणाला समजावणार? मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, आबांना ऊन लागतंय! म्हाताऱ्या माणसाला असं उन्हात, धुरळ्यात पुढं टांगतात का? त्यांची गाडी आहे. आत घ्या त्यांना."

गर्दीतनं एक म्हातारी म्हणाली, "खरं हाय बाबा." झालं. काम फत्ते. फोटो सोडवला आणि आत आणला. तो एवढा मोठा की एकाच्या मांडीवर राहीना. मग अर्धा तात्यांच्या मांडीवर, अर्धा आप्पासाहेबांच्या, आणि पडू नये म्हणून दोघांचे हात चौकटीला. खांद्याला खांदा लागला. फोटोची वाटणी करायचं पंचांच्या डोक्यातनं राहून गेलं होतं.

इंजिन निवल्यावर रेडिएटरात घागरभर पाणी घातलं आणि गाडी सुरू केली. काटा खाली आला. वारा आत यायला लागला. जरा वेळानं आप्पासाहेब फोटोकडं बघत म्हणाले, "आबा असाच हळू चालवायचा."

"हळू?" तात्या म्हणाले. "मला घिऊन कऱ्हाडला जायचा तवा उडवायचा नुसता. आई वरडायची."

"मला कवा न्हाई नेलं उडवत."

"तू वकायचास."

आणि आप्पासाहेब हसले. खदाखदा हसले. तात्याही हसले, तंबाखू सांभाळत. मारुतीचं देऊळ आलं तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जिंकलो. गाडी वाचली.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी व्याह्यांच्या शेजारीच जेवत होतो. व्याही भले गृहस्थ, तूप वाढून घेता घेता म्हणाले, "आप्पासाहेब, गाडी तुमच्या जावयाला लय शोभली बगा. दुसरा मानपान काय नको आमाला. तेवढी गाडी द्या."

लग्नाच्या मांडवात व्याह्याला नाही म्हणायची रीत नाही. आप्पासाहेबांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी आप्पासाहेबांकडं. मग आप्पासाहेब हात जोडून उठले.

"दिली असती. पर इंजान धाकल्याच्या वाटनीचं हाय. दुसऱ्याच्या वाटनीचं मी कसं दिऊ?"

"आन माज्याकडं निसतं इंजान," तात्या लगेच म्हणाले. "बाकी समदी दादाची. निसतं इंजान जावयाला दिलं तर लोक हसतील की, पावनं."

व्याह्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला. दोघं भाऊ खाली बसले, आणि थोरल्यानं स्वतःच्या हातानं धाकट्याला जिलबी वाढली. मी मनात म्हटलं, वा! शहाणे निघाले.

सकाळी गाडी बघायला गेलो. मनात होतं, आता दोघांना एकत्र बसवावं आणि कायमचं काय ते ठरवावं. तर बॉनेट आधीच उघडलेलं. शेजारी बैलगाडी. आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ, बाह्या वर सारून.

"या मेजर, या. तुमचीच वाट बगत हुतो."

"काय चाललंय?"

"सोडवायला घेतलीया," आप्पासाहेब म्हणाले.

"का? आता तर तुम्ही दोघं बोलायला लागलात!"

"म्हनून तर," आप्पासाहेब म्हणाले, लहान पोराला सांगावं तसं. "गाडी एक ठिवली तर जावई आज ना उद्या मागनारच. निम्मी-निम्मी असली की कुनाच्या बाला घावत न्हाई."

"दादाचं बराबर हाय," तात्या म्हणाले. "आमी राती बसून ठरीवलं."

इतक्या वर्षांनी एका पंगतीत जेवले, एकत्र बसले, आणि एकत्र बसून यांनी काय ठरवलं, तर हे! तात्यांच्या हातात पहार होती आणि ती ते ब्लॉकखाली, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी अंगाखाली, घालणार होते. मी ती हिसकावली. तोंडाला येईल ते बोललो, फौजेत शिकलेलं सगळं बोललो. दोघंही शांतपणे ऐकून घेत होते. लग्नघरातली माणसं, त्यांना राग येत नव्हता.

मग मीच सोडवली ती. निघून जाता आलं असतं, पण गेलो असतो तर त्यांनी पहारीनं उचकटली असती आणि ब्लॉक फुटला असता. एकेक बोल्ट मी परत काढला, ज्यांना मीच तेल लावून बसवलं होतं. साखळी लावली. थोरला म्हणे, "धर रं." धाकटा म्हणे, "धरलंय दादा, तू सोड." इतक्या एकोप्यानं काम करणारे भाऊ मी दुसरे बघितले नाहीत. इंजिन बैलगाडीत चढलं तेव्हा दोघांनी मिळून त्याला हळद-कुंकू लावलं.

पावसाळा संपल्यावर सांगलीला कामाला चाललो होतो. नाही नाही म्हणत मोटारसायकल त्या गावाकडं वळवलीच. बांधावर आलो आणि आवाज ऐकला. आधीपेक्षा गोड. अर्थात गोड, मी सहा आठवडे त्यावर घासलो होतो.

कट्ट्यावर तात्या होते, आणि शेजारी चक्क आप्पासाहेब, इस्त्रीसकट.

"आवं मेजर! या, या! लय झाक काम केलंसा!" तात्यांनी मला मिठीच मारली. "पानी दुप्पट येतंय. आन रॉकेल निम्मं लागतंय."

इंजिनाच्या डोक्यावर चहाचे दोन कप ठेवलेले होते.

"थेंब सांडत न्हाई बगा," तात्या म्हणाले. "तुमीच दावलं हुतं. आता रोज हितंच पितो आमी. दादाबी येतोय."

"आणि गाडी?" मी विचारलं.

"हाय की," आप्पासाहेब म्हणाले. "कोंबड्या परत बसाय लागल्या. पर सीट तुमी लय मऊ केलीसा हां मेजर. आता एकबी अंडं फुटत न्हाई."

दोघांच्या तोंडावर कौतुक होतं. खरं, मनापासूनचं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नाही. माझ्यासाठी तिसरा कप भरून त्यांनी इंजिनावर ठेवला. मी तो प्यायलो. चहा चांगला होता, गुळाचा.

त्यानंतर मी बऱ्याच गाड्या जिवंत केल्या, काही तर त्याहून वाईट अवस्थेतल्या. पण एक शिस्त लावून घेतली ती आजतागायत. गिऱ्हाईक दारात आलं, जुनी गाडी आहे म्हणालं, की बॉनेट उघडत नाही, मॉडेल विचारत नाही, किती वर्षं बंद आहे तेही विचारत नाही. पहिलं विचारतो, "भाऊ किती?"